सर्व्हरची ओळख तपासली, डिव्हाइसची कोण तपासणार? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या आणि ऑफिसच्या नेटवर्कच्या सुरक्षेबद्दल लिहिलं होतं, त्यात शेवटी एक वाक्य होतं की जोडल्या जाणाऱ्या दोन्ही डिव्हाइसनी एकमेकांची ओळख तपासली नाही, म्हणजे म्युच्युअल ऑथेंटिकेशन केलं नाही, तर एन्क्रिप्शन असूनही काही उपयोग नाही. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आलेत की हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. नावं छापलेली नाहीत, काही प्रश्न थोडे छोटे केलेत.

ताई, ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं, वर आपण लॉगिन पण करतो. म्हणजे सर्व्हरची ओळख पटली आणि आपलीही पटली. मग हे म्युच्युअल ऑथेंटिकेशन वेगळं काय?

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. कुलूप दिसतं तेव्हा काय झालेलं असतं तर सर्व्हरने आपलं सर्टिफिकेट म्हणजे डिजिटल ओळखपत्र दाखवलं, ते कुठल्यातरी मान्य सर्टिफिकेट अथॉरिटीने (अशी ओळखपत्रं देणाऱ्या संस्थेने) सही केलेलं आहे आणि त्यावरचं नाव तुम्ही टाइप केलेल्या पत्त्याशी जुळतं हे ब्राउझरने बघितलं, आणि त्या सर्टिफिकेटची प्रायव्हेट की (फक्त मालकाकडे असणारी गुप्त डिजिटल किल्ली, तिची जोडीची पब्लिक की सगळ्यांना दिसते) खरंच सर्व्हरकडे आहे हे त्याने सही करून सिद्ध केलं. या सगळ्यात तुमचं डिव्हाइस कोण आहे हे सर्व्हरला कळलेलंच नाही, त्याच्या दृष्टीने समोर कोणीतरी आहे एवढंच. नंतर तुम्ही पासवर्ड टाकता, पण तो त्या एन्क्रिप्ट झालेल्या कनेक्शनच्या बोगद्यातून जातो आणि तो माणसाबद्दल सांगतो, मशीनबद्दल नाही. तोच पासवर्ड चोराने त्याच्या लॅपटॉपवरून टाकला तरी सर्व्हरला फरक कळणार नाही.

आणि याहून महत्त्वाचं म्हणजे पासवर्ड समोरच्याला *द्यावा* लागतो. समोरचा खोटा असेल तर तो त्याच्या हातात पडला. सर्टिफिकेटच्या पद्धतीत असं काहीच द्यावं लागत नाही. म्युच्युअल टीएलएसमध्ये (टीएलएस म्हणजे ब्राउझरच्या त्या कुलपामागची पद्धत) सर्व्हर म्हणतो तुझंही सर्टिफिकेट दाखव, मग डिव्हाइस ते पाठवतं आणि आत्तापर्यंत दोघांत जे काही बोलणं झालं त्या सगळ्याच्या हॅशवर, म्हणजे छोट्या डिजिटल ठशावर, आपल्या प्रायव्हेट कीने सही करून देतं. ती सही फक्त या एका कनेक्शनपुरती खरी असते, कोणी चोरून दुसरीकडे वापरायला गेलं तर तिथलं बोलणं वेगळं म्हणून जुळत नाही. प्रायव्हेट की स्वतः डिव्हाइसच्या बाहेर पडतच नाही.

एक बारकी पण कामाची गोष्ट, टीएलएस १.२ मध्ये डिव्हाइसचं सर्टिफिकेट उघडं जायचं म्हणजे मधे तारेवर बसलेल्याला कुठलं डिव्हाइस जोडतंय हे वाचता यायचं, २०१८ मध्ये आलेल्या १.३ मध्ये ते एन्क्रिप्ट होऊन जातं. म्हणून जमेल तिथे १.३ च ठेवा.

आमच्याकडे राउटरमध्ये मॅक अ‍ॅड्रेस फिल्टर लावलाय, फक्त आमचीच डिव्हाइस जोडली जातात. हे डिव्हाइस ऑथेंटिकेशनच झालं ना?

नाही. मॅक अ‍ॅड्रेस हा नेटवर्क कार्डचा ४८ बिटचा एक नंबर आहे आणि वायफायच्या प्रत्येक फ्रेममध्ये तो उघडा जातो, अगदी बाकीचा मजकूर एन्क्रिप्ट असला तरी. हवेतून ऐकायचा आणि आपल्या कार्डला तोच लावायचा, यासाठी काही विशेष ज्ञान लागत नाही. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन स्वतःच नेटवर्कनुसार बनावट मॅक वापरतात, त्यामुळे फिल्टरचा त्रास तुमच्याच माणसांना जास्त होणार. नाव सांगणं वेगळं आणि ते नाव आपलंच आहे हे सिद्ध करणं वेगळं. फिल्टर फक्त नाव ऐकतो.

ऑफिसचं वायफाय जोडताना सर्टिफिकेटबद्दल काहीतरी विचारतं. आयटीवाल्याने सांगितलं की 'व्हॅलिडेट करू नका' निवडा म्हणजे लगेच जोडलं जाईल. निवडलं आणि चालू झालं. त्यात काही धोका आहे का?

आहे, आणि मोठा आहे. ऑफिसच्या वायफायमध्ये म्हणजे ८०२.१एक्सवाल्या सेटअपमध्ये (प्रत्येकाचं लॉगिन वेगळं तपासून नेटवर्कवर घ्यायचं स्टँडर्ड) तुमचा फोन प्रत्यक्षात मागच्या ऑथेंटिकेशन सर्व्हरशी बोलत असतो, आणि तो सर्व्हर खरा आहे हे कळायचा एकमेव मार्ग म्हणजे त्याचं सर्टिफिकेट. तेच तपासू नका म्हटलं की कोणीही तुमच्या ऑफिसच्या नावाचं खोटं वायफाय लावून बसला तर तुमचा फोन आनंदाने त्याच्याकडे जाऊन यूजरनेम-पासवर्डची बोलणी सुरू करतो.

तुम्ही म्हणाल की पासवर्ड तसाच थोडी जातो. बहुतेक ठिकाणी आत एमएसचॅप व्हर्जन २ नावाची पद्धत असते, ती पासवर्ड सरळ पाठवत नाही हे खरं, पण २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिलं की ती देवाणघेवाण एकदा पकडली की पुढचं काम फक्त डीईएस या जुन्या एन्क्रिप्शनची एक ५६ बिटची किल्ली शोधण्याएवढंच उरतं, पासवर्ड कितीही लांब ठेवलात तरी. म्हणजे आतल्या पद्धतीला बाहेरच्या टीएलएसचाच काय तो आधार, आणि तो आधारच आपण एका टिकमार्कने काढून टाकतो!

नव्या अँड्रॉइडमधून हा पर्याय काढूनच टाकलाय ते बरं झालं. तुमच्या आयटीवाल्यांना सांगा की फोन-लॅपटॉपवर प्रोफाइल टाका, ज्यात ऑफिसची सर्टिफिकेट अथॉरिटी कोणती आणि सर्व्हरचं नाव काय हे दोन्ही लिहिलेलं असेल. फक्त अथॉरिटी लिहून भागत नाही, पब्लिक अथॉरिटी असेल तर तिच्याकडून दुसऱ्या नावाचं सर्टिफिकेट कोणीही घेऊ शकतो. आणि जमत असेल तर सरळ ईएपी-टीएलएसवर जा, तिथे पासवर्डच नसतो, फोन आणि सर्व्हर दोघं सर्टिफिकेट दाखवतात. सुरुवातीला सेटअपला वेळ लागतो पण नंतर पासवर्ड बदलला म्हणून वायफाय गेलं ही रोजची कटकट पण जाते.

मग घरच्या वायफायचं काय? तिथे तर सर्टिफिकेट नसतंच.

नसतं, तरी तिथे दोन्ही बाजूंची तपासणी होते हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. डब्ल्यूपीए२ मध्ये जोडताना जे चार मेसेज जातात त्यात राउटर आणि फोन दोघंही आपल्याला पासवर्ड माहीत असल्याचं पासवर्ड न सांगता सिद्ध करतात. अडचण अशी की तो पासवर्ड सगळ्यांचा एकच. पाहुण्याला दिला, शेजाऱ्याला दिला, मग त्यातला कोणीही स्वतः तुमचा राउटर असल्यासारखा उभा राहू शकतो कारण राउटरकडे जे गुपित आहे तेच त्याच्याकडे आहे. डब्ल्यूपीए३ मध्ये पकडलेले मेसेज घेऊन बसून पासवर्ड ओळखत राहणं बंद झालं, ते फार चांगलं झालं, पण सगळ्यांना एकच गुपित हा प्रश्न तिथेही तसाच आहे. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क, वेगळा पासवर्ड, एवढं तरी कराच.

मी इंजिनिअरिंगला आहे. एकाच बाजूने ऑथेंटिकेशन केल्यामुळे खरंच काही बिघडलंय असं एखादं उदाहरण द्याल का? पुस्तकात फक्त 'मॅन इन द मिडल' (दोघांच्या मधे गुपचूप बसलेला हल्लेखोर) एवढंच लिहिलंय.

तुझ्या खिशातच आहे उदाहरण. १९९१ मध्ये सुरू झालेल्या जीएसएममध्ये, म्हणजे ज्याला आपण २जी म्हणतो, नेटवर्क सिमला एक रँडम नंबर द्यायचं, सिम आतल्या गुप्त किल्लीने उत्तर काढायचं, नेटवर्क ते तपासायचं. सिम खरं का खोटं हे कळायचं, पण टॉवर खरा का खोटा हे फोन विचारायचाच नाही. कोणी फोन करून म्हणावं मी बँकेतून बोलतोय, तुमची ओळख सांगा, आणि आपण तो खरंच बँकेचा आहे का हे न विचारता सगळं सांगत बसावं, तसं झालं हे. त्यातून खोटे टॉवर निघाले, ते जवळच्या फोनना आपल्याकडे ओढायचे आणि एन्क्रिप्शन वापरायचं की नाही हे नेटवर्कच ठरवत असल्यामुळे ते 'नको' असंही सांगू शकायचे.

३जीमध्ये हे दुरुस्त केलं. तिथे रँडम नंबरबरोबर एक टोकन येतं, ते फक्त ज्याच्याकडे सिमची तीच गुप्त किल्ली आहे तोच बनवू शकतो, आणि सिम आधी ते तपासतं, पटलं तरच पुढचं उत्तर देतं. त्यात एक सीक्वेन्स नंबर पण असतो म्हणजे जुनं पकडलेलं टोकन परत चालत नाही. पण फोन २जीला अजून हो म्हणत असेल तर खोटा टॉवर त्याला खाली ओढून नेऊ शकतो, म्हणून अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये २जी बंद करायचा पर्याय आलाय. नवीन पद्धत आणली पण जुनी चालू ठेवली तर हल्ला जुन्या दारातूनच येतो, हे तू पुढे कुठलीही सिस्टीम बनवशील तेव्हा लक्षात ठेव.

आम्ही दोन बोर्ड एकमेकांशी बोलायला एक छोटा प्रोटोकॉल लिहिलाय. दोघांत एकच गुप्त किल्ली आहे. पहिला रँडम नंबर पाठवतो, दुसरा तो किल्लीने एन्क्रिप्ट करून परत देतो, मग दुसरा पाठवतो आणि पहिला करून देतो. दोघांची ओळख पटली. टीएलएसची गरज काय, हे किती सोपं आहे.

या प्रश्नावर मला जरा सविस्तर लिहायचंय कारण ही कल्पना प्रत्येकाला सुचते आणि कागदावर ती एकदम बरोबर दिसते.

समजा हल्लेखोराकडे किल्ली नाहीये. तुमचा पहिला बोर्ड त्याला रँडम नंबर पाठवतो. त्याला उत्तर येत नाही. मग तो काय करतो, पहिल्याच बोर्डशी दुसरं कनेक्शन उघडतो आणि तोच नंबर आपला प्रश्न म्हणून त्याला विचारतो! बोर्ड प्रामाणिकपणे एन्क्रिप्ट करून देतो, हल्लेखोर ते उचलून पहिल्या कनेक्शनवर उत्तर म्हणून चिकटवतो. किल्ली न जाणता ओळख पटली. याला रिफ्लेक्शन अटॅक म्हणतात. यावर उपाय आहेत, म्हणजे दोन्ही दिशांना वेगळी किल्ली ठेवायची, किंवा उत्तराच्या हिशोबात दोघांचे रँडम नंबर, दोघांची नावं आणि दिशा हे सगळं धरायचं, आणि एन्क्रिप्शनऐवजी एचमॅक (किल्ली वापरून काढलेला मजकुराचा ठसा) वापरायचं. पण समजा हेही केलंत, ओळख पटल्यावर पुढचा डेटा कसा जातो? ओळख पटवून झाली आणि डेटा नुसताच जात राहिला तर मधला माणूस ओळखपरेड संपेपर्यंत शांत बसेल आणि मग कनेक्शन ताब्यात घेईल. ओळख पटवण्याच्या त्याच बोलण्यातून पुढच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या निघाल्या पाहिजेत, तरच त्या ओळखीला अर्थ.

हे फक्त नवशिक्यांचं होतं असं अजिबात नाही. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर या दोघांनी १९७८ मध्ये पब्लिक कीवर चालणारा एक प्रोटोकॉल मांडला, मोजके मेसेज, वाचायला एकदम स्वच्छ. १९९५ मध्ये गॅव्हिन लो यांनी त्यात भोक दाखवलं, की तुम्ही एका लबाड माणसाशी बोलायला गेलात तर तो तुमचेच मेसेज वापरून तिसऱ्यासमोर तुम्ही असल्याचं सोंग घेऊ शकतो. १७ वर्षं! आणि दुरुस्ती काय होती, तर एका मेसेजमध्ये उत्तर देणाऱ्याचं नाव टाकायचं, बास. या विषयातल्या जाणत्या लोकांच्या नजरेतून १७ वर्षं सुटलं ते आपल्याला एका आठवड्यात दिसेल असं मानू नका. बोर्ड छोटा असेल तर टीएलएसमध्ये प्री-शेअर्ड की (दोघांत आधीच वाटलेली किल्ली) वापरता येते, सर्टिफिकेटचं ओझं नको असेल तर नॉइज प्रोटोकॉलवर (असे प्रोटोकॉल बांधायचा तयार सांगाडा) बांधलेलं काहीतरी घ्या, वायरगार्ड नावाचं व्हीपीएन त्यातलंच आहे, तिथे प्रत्येक बाजूची पब्लिक की हीच तिची ओळख. शिकण्यासाठी स्वतःचा प्रोटोकॉल जरूर लिहा, त्यात मजा पण आहे, फक्त तो खऱ्या दारावर लावू नका.

आमच्या कंपनीत सेन्सर बनतात. सगळ्या सेन्सरच्या फर्मवेअरमध्ये एकच क्लायंट (म्हणजे जोडणाऱ्या डिव्हाइसचं) सर्टिफिकेट आणि की टाकलीय, सेन्सरचे मेसेज घेणारा एमक्यूटीटी सर्व्हर ते तपासतो. प्रॉडक्शनला सोपं पडतं. चालेल का?

चालेल असं म्हणू शकत नाही. एक सेन्सर कोणी उघडला, फ्लॅश मेमरी वाचली, की सगळ्या सेन्सरची ओळख त्याच्या हातात. आणि मग ते सर्टिफिकेट रद्द करायचं म्हटलं तर शेतातले, छतावरचे, भिंतीतले सगळेच एकदम बंद पडणार, म्हणजे तुम्ही रद्द करणारच नाही. हे डिव्हाइस ऑथेंटिकेशन नसून मॉडेल ऑथेंटिकेशन झालं.

प्रत्येक सेन्सरला त्याची स्वतःची किल्ली पाहिजे, ती त्याच्या आतच तयार व्हायला पाहिजे, बाहेर फक्त पब्लिक की आणि सर्टिफिकेटची विनंती यावी. सिक्युअर एलिमेंट किंवा टीपीएम चिप परवडत असेल तर घ्या, तिथून प्रायव्हेट की वाचून काढायचा आदेशच नसतो, ती फक्त सही करून देते. किल्ली पी-२५६ या एलिप्टिक कर्व्हवरची ठेवा, २५६ बिटची ही किल्ली सुरक्षेत साधारण आरएसए या जुन्या पद्धतीच्या ३०७२ बिटच्या किल्लीच्या तोडीची असते आणि छोट्या प्रोसेसरला खूप हलकी. ८०२.१एआर नावाचं एक स्टँडर्ड यासाठीच आहे, त्यात कारखान्यातून निघताना डिव्हाइसला एक कायमची ओळख मिळते आणि मालकाच्या नेटवर्कवर गेल्यावर त्या ओळखीच्या जोरावर तिथली वेगळी ओळख मिळते. तुमच्या प्रॉडक्शनवाल्यांना तो विचार पटेल.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते, घड्याळ. बॅटरीवर चालणारं घड्याळ नसलेला बोर्ड वीज गेली की १ जानेवारी १९७० मध्ये उठतो, मग सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याला 'अजून सुरूच झालेलं नाही' असं दिसतं आणि कनेक्शन नाकारतो. लोक वैतागून तारखेची तपासणीच काढून टाकतात, ती काढू नका. शेवटची माहीत असलेली वेळ फ्लॅशमध्ये जपून ठेवा, उठल्यावर त्याच्या मागे कधी जाऊ नका, आणि मग नेटवर्कवरून वेळ घ्या.

सर्व्हरवर म्युच्युअल टीएलएस चालू केलं. टेस्ट म्हणून सर्टिफिकेट न देता कनेक्ट केलं तरी डेटा आला! सेटिंग तर दिसतंय.

दोन जागा बघा. एक, सेटिंगमध्ये 'ऑप्शनल' लिहिलं असेल. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये असं असतं, सर्टिफिकेट मागतं, नाही दिलं तरी आत सोडतं आणि पुढच्या अ‍ॅपने ठरवावं अशी अपेक्षा असते, अ‍ॅपला हे माहीतच नसतं. दुसरं, टीएलएस प्रॉक्सीवर (खऱ्या सर्व्हरच्या पुढे उभ्या असलेल्या मधल्या सर्व्हरवर) संपत असेल आणि प्रॉक्सी डिव्हाइसचं नाव हेडरमध्ये घालून मागे देत असेल, तर मागच्या सर्व्हरवर प्रॉक्सीला वळसा घालून थेट पोचता येतं का ते तपासा, आणि बाहेरून आलेला त्याच नावाचा हेडर प्रॉक्सी पुसून टाकतो का तेही. नाहीतर कोणीही हेडरमध्ये हवं ते नाव लिहून येईल.

आणि सर्टिफिकेट खरं निघालं म्हणजे सगळं काही करायची परवानगी असं समजू नका. कुठलं डिव्हाइस आहे हे कळलं, आता त्या डिव्हाइसने काय करायचं हे वेगळं ठरवावं लागतं. तापमान पाठवणाऱ्या सेन्सरला व्हॉल्व्ह उघडायचा आदेश देता यायला नको. सर्टिफिकेट न देता, मुदत संपलेलं देऊन, दुसऱ्या अथॉरिटीचं देऊन, दुसऱ्याच सेन्सरचं देऊन, असं चारही प्रकारे करून बघा आणि चारही वेळा नकार आलाच पाहिजे. तुम्ही टेस्ट केलीत हे फार चांगलं केलंत, बहुतेक जण फक्त खरं सर्टिफिकेट देऊन चालतंय ना एवढंच बघतात.

एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची पद्धत) पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचं फिंगरप्रिंट दाखवून येस/नो विचारतं. सगळे येस करतात. हे म्युच्युअल आहे का?

पद्धत म्युच्युअल आहे, येस करणाऱ्याने ती एकतर्फी केली. ते फिंगरप्रिंट सर्व्हरच्या कन्सोलवरून किंवा अ‍ॅडमिनकडून आधी घेऊन जुळवायचं असतं. पहिल्या वेळी चुकीच्या माणसाला येस म्हटलंत तर पुढे प्रत्येक वेळी तोच खरा ठरतो. आणि नंतर कधी 'होस्टची ओळख बदलली आहे' असा मोठा इशारा आला तर सेव्ह असलेल्या जुन्या किल्लीची ओळ पुसून पुढे जाऊ नका, आधी अ‍ॅडमिनला फोन करा. मशीन जास्त असतील तर एसएसएचचीही स्वतःची सर्टिफिकेट असतात, एकदा अथॉरिटीची की सगळीकडे टाकली की हा प्रश्नच येत नाही.

आमच्या छोट्या ऑफिसात सगळ्या लॅपटॉपना सर्टिफिकेट दिली, पाच वर्षांची, म्हणजे परत बघायला नको. आता एक लॅपटॉप चोरीला गेलाय. काय करू?

आधी आजचं काम. तुमच्या सर्टिफिकेट अथॉरिटीत जाऊन त्या लॅपटॉपचं सर्टिफिकेट रद्द करा, नवीन रद्द-यादी काढा, आणि मग व्हीपीएन आणि वायफायचा सर्व्हर ती यादी खरंच वाचतो का ते बघा. खूप ठिकाणी रद्द करतात पण सर्व्हरला यादीचा पत्ताच दिलेला नसतो, किंवा तो यादी एकदा सुरू होताना वाचतो आणि नंतर बघतच नाही. खात्री नसेल तर सर्व्हरवर त्या नावाला सरळ नकार लिहून टाका, आणि चालू असलेली कनेक्शन तोडा कारण सर्टिफिकेट रद्द झालं तरी आधीच उघडलेलं कनेक्शन आपोआप बंद होत नाही. त्या लॅपटॉपवर सेव्ह असलेले पासवर्ड पण बदला, ते वेगळं काम आहे पण आजच करायचं.

आता त्या पाच वर्षांबद्दल. जगभरातल्या पब्लिक वेबसाइटची सर्टिफिकेट २०२० पासून जास्तीत जास्त ३९८ दिवसांची होती, मार्च २०२६ पासून २०० दिवस, आणि मार्च २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर आणायचं ठरलंय. तुमची अंतर्गत अथॉरिटी त्या नियमाला बांधील नाही, पण त्यामागचा विचार घ्या, मुदत छोटी असली की रद्द करायची यादी कोणी वाचली नाही तरी चोरीचं सर्टिफिकेट आपोआप मरतं. अर्थात मुदत छोटी म्हणजे नूतनीकरण आपोआप झालंच पाहिजे, हाताने करायचं ठेवलंत तर एक दिवस सकाळी अख्खं ऑफिस बाहेर राहील. आणि डिव्हाइसच्या सर्टिफिकेटसाठी पब्लिक अथॉरिटीकडे जाऊ नका, लेट्स एनक्रिप्ट या मोफत पब्लिक अथॉरिटीने २०२५ मध्येच जाहीर केलं की क्लायंट म्हणून वापरायची सोय त्यांच्या सर्टिफिकेटमधून काढून टाकतोय, स्वतःची छोटी अथॉरिटी हाच रस्ता. तिची मूळ किल्ली रोजच्या सर्व्हरवर ठेवू नका, ती बंद मशीनमध्ये ठेवा आणि रोजच्या सह्यांसाठी खालची दुसरी अथॉरिटी करा.

बाकीच्या लॅपटॉपमध्ये किल्ली टीपीएममध्ये आहे का साध्या फाइलमध्ये आहे हे पण आज बघून घ्या. फाइलमध्ये असेल तर ती कॉपी होऊ शकते, मग लॅपटॉप परत मिळाला तरी ते सर्टिफिकेट परत चालू करायचं नाही, नवीन किल्ली, नवीन सर्टिफिकेट.